आडवी रेघ

स्वयंपाकघराच्या दारात बेल्मिरू उभा आहे.
सूप निवतंय.
टेबल चार पावलांवर.
टाचा उचलल्यात, गुडघे थरथरतायत,
आणि पंजे मात्र
कुणी फरशीखालून धरून ठेवल्यासारखे.
"ये," असं मी म्हणत नाही.
"ये" म्हटलं की तो आणखी रुततो,
हे शिकायला मला दोन वर्षं लागली.

ह्याच माणसानं सेतुबालचे निम्मे चौक
गुडघ्यांवर बसून भरले.
डाव्या तळहातात चुनखडीचा दगड, उजव्यात हातोडी,
दोन टोले. तिसरा लागायचा नाही.
पांढऱ्यात काळा, काळ्यात पांढरा,
पट्टे, लाटा, एकदा एका बँकेसाठी मासा.
दगड न बघताच बसवायचा,
बघायचा येणाऱ्याजाणाऱ्या बायकांकडे.
मी त्यातलीच एक.

बुधवारी बसनं लिस्बन.
तिथे नोएमिया नावाची पोर
त्याच्या डोक्यावर टोपी चढवते, बत्तीस बटणांची,
प्रत्येक बटणाखाली गार, चिकट जेल.
(घरी आल्यावर केस मलाच धुवावे लागतात.)
घोट्यांना डब्या, कंबरेला डबी,
आणि पडद्यावर माझा नवरा,
बत्तीस ओळींत.

आधी नुसतंच चालायचं, लांब करड्या बोळातून.
वळणावर तो थिजतो.
पडद्यावर काहीच थिजत नाही,
उलट झुंबड,
जाळं ओढायच्या वेळी धक्क्यावर उडते तशी.
सगळे ओरडतायत,
दोर कुणाच्याच हातात नाही.

मग ती जमिनीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवते,
आडव्या, हातभर अंतरानं,
आणि तो चालतो.
सरळ. वळणावरही.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चिडले.
म्हणजे इतके दिवस नाटकं?

"चालणं आपल्या अंगवळणी पडलेलं असतं," नोएमिया म्हणाली,
"तळघरात कुणीतरी ते सांभाळतं,
वर कळवतसुद्धा नाही.
ह्यांच्या तळघरातला तो माणूस थकलाय.
रेघ दिसली की काम वर येतं,
डोळ्यांकडे, कपाळामागे.
मग प्रत्येक पाऊल मुद्दाम टाकायचं.
म्हणून तर एवढे दमतात."
आणि हे किती दिवस पुरेल?
ती पडद्याकडे बघत राहिली.
"माहीत नाही. म्हणून ही टोपी."
पोर खोटं बोलत नाही,
म्हणून मी दर बुधवारी बस पकडते.

कानात टकटक वाजवणारं यंत्र त्याला आवडत नाही.
पाय उचलतो त्यावर, पण तोंड वाकडं करून.
"थांबतच नाही," म्हणतो,
"इतके टोले मारणारा गवंडी कच्चा."

आमच्या बोळात ग्रासिएतनं पट्ट्या लावून दिल्या,
अर्ध्या मांजरानं उचकटल्या.
पण चौकात उतरलो की हात सोडवून घेतो माझा.
तिथे त्याचेच पट्टे, एकोणऐंशी सालचे.
काळा, पांढरा, काळा.
स्वतःच्याच हातावरून चालत
कॉफीच्या दुकानापर्यंत जातो,
आता न बघता नाही, एकेक दगड बघत,
जसं तेव्हा मुकादम सांगायचा आणि हा ऐकायचा नाही.

गेल्या महिन्यात गॅसची नळी घातली.
नगरपालिकेनं दगड उचलले, डांबर ओतलं.
आठ पावलांचं सपाट काळं, एकही रेघ नाही.
त्याच्या काठावर तो थांबला.
मागून पावाची गाडी, कुणीतरी हॉर्न दिला,
एका बाईनं पाणी आणलं, कशासाठी कोण जाणे.
त्याचा शर्ट पाठीला चिकटला.
मी वाकून पाहिलं, खडू नाही, पट्टी नाही,
माझ्याकडे एक बूट होता, पाय आत असलेला.
तो मी त्याच्यापुढे आडवा ठेवला.

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात
मी कधी ह्याच्या पायात पाय घातला नाही.

त्यानं बुटाकडे बघितलं.
बराच वेळ, दगड पारखावा तसं.
मग ओलांडला.
मी दुसरा ठेवला.

सूप पुन्हा गरम करायला हवं.
उठते मी, दाराशी जाते,
चप्पल आडवी करते.